उपटल्यानंतरचे दिवस

ऑक्टोबर लागला की भुईमुगाचा पाला खालून पिवळा पडत जातो, पानांवर टिक्का रोगाचे काळे ठिपके वाढतात आणि रोज सकाळी तोच प्रश्न समोर येतो: आज उपटायचा की अजून थांबायचं? सोलापुरात हा प्रश्न फार अवघड आहे. आमच्या जिल्ह्याला वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस मिळतो आणि सगळ्यात जास्त पडतो तो सप्टेंबरात. जून-जुलैत आभाळाकडे डोळे लावून बसायचं, ऑगस्टात पीक माना टाकताना बघायचं, आणि शेंगा भरून तयार झाल्या की नेमका तेव्हा परतीचा पाऊस दारात येणार. ज्वारीवाला त्याची वाट बघतो, कारण त्याची रब्बीची पेरणी त्याच ओलीवर व्हायची असते. शेंगावाल्याच्या पोटात मात्र गोळा येतो.

होटगी रस्त्याकडे आमच्या घरामागे दोन गुंठे जागा आहे. काळी पण हलकी, खाली मुरूम लागणारी. तिथे आम्ही दर खरिपाला भुईमूग टाकत आलोय. विकायला नाही, घरात चटणीला, उपवासाला, कुटाला, आणि पोरांनी येता-जाता खायला. सोलापूरच्या घरात शेंगादाणा रोज लागतो. भाजी असो नसो, ताटात शेंगाचटणी आणि कडक भाकरी असली की जेवण होतं. त्यामुळे घरची शेंग म्हणजे आमच्याकडे केवळ हौस नाही, वर्षभराची बेगमी आहे. आणि तिला बुरशी धरली की जीव हळहळतो.

तयार झालाय का हे पाल्यावरून कळत नाही. दोन-तीन ठिकाणचे वेल उपटायचे, शेंगा फोडायच्या आणि टरफलाची आतली बाजू बघायची. पांढरी असेल तर शेंग कोवळी. आत काळसर तपकिरी डाग पडले असतील तर दाणा भरला. दहातल्या सात-आठ शेंगा आतून काळवंडल्या की थांबण्यात अर्थ नाही. आमच्याकडे फुले प्रगती असते, उभट वाढणारं वाण, नव्वद-पंच्याण्णव दिवसांत येणारं. या उपट्या वाणांच्या ताज्या दाण्याला सुप्तावस्था जवळजवळ नसते. पिकलेली शेंग ओल्या जमिनीत राहिली की तिथेच मोड येतात. म्हणजे लवकर उपटावं तर दाणा सुरकुततो, उशीर करावा तर जमिनीत उगवतो, आणि मधल्या दिवसांत नेमकं वर ढग जमलेले असतात.

गेल्या हंगामात तेच झालं. ऑगस्टभर पाऊस नव्हता. जमिनीला भेगा गेल्या होत्या आणि दोन टँकर पाण्यावर पीक कसंबसं तगवलं. सप्टेंबरच्या शेवटी झड लागली, मग उघडीप मिळाली. वाफसा आल्यावर आम्ही उपटायला घेतलं. मदतीला शेजारच्या वस्तीवरच्या मावशी होत्या. त्यांचं आयुष्य दुसऱ्यांच्या रानात शेंगा तोडण्यात गेलेलं. वेल हातात आला की त्या एकदाच झटकतात, माती खाली आणि शेंगा जागेवर. शेंगेला चिकटलेली माती दिसायला क्षुल्लक, पण ती ओल धरून बसते. धुऊन काढली तर त्याहून वाईट. झटकणं हेच खरं काम आहे, आणि ते ज्या हाताला जमतं त्याची मजुरी दुप्पट असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

उपटलेले वेल आम्ही उलटे मांडतो, पाला खाली आणि शेंगा वर. जमिनीतून निघालेल्या शेंगेत चाळीस टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते सात-आठ टक्क्यांवर यायला हवं, आणि जितक्या लवकर येईल तितकं बरं. मधला प्रवास रेंगाळला की बुरशीला मोकळं रान मिळतं. तो प्रवास उन्हाने आणि वाऱ्याने करायचा असतो. दुसऱ्याच दिवशी दुपारनंतर पश्चिमेकडून काळंभोर आभाळ चढत आलं. मावशी ओरडल्या, “ओ ताई, पाऊस येऊलालाय, ताडपत्री आणा लौकर!”

ताडपत्री आणली, पण ती टाकून दाबून ठेवणं हा उपाय नाही. अर्धवट वाळलेल्या वेलांवर ताडपत्री घातली की आतली वाफ आतच कोंडते आणि ढीग तापतो. म्हणून जेवढे हाताला लागले तेवढे वेल पडवीत आणि गाडीच्या शेडमध्ये नेऊन पसरले. बाकीचे भिजले. पाऊस थांबेना. दमट हवा, दिवसा तिशीच्या पुढचं तापमान, ऊन नाही. पडवीत दोन पंखे लावले, वेल खालीवर केले, रात्री उठून परत केले. शेडमधल्या शेंगा वाचल्या. बाहेर भिजलेल्या शेंगा जेव्हा तोडून सुपात घेतल्या, तेव्हा त्यांच्या टरफलांवर करड्या छटा आल्या होत्या आणि हात लावला की ओला, कुबट वास यायचा.

मी एक-एक फोडून बघायला बसले. भिंग घेऊन बसले, कारण या बाबतीत नुसत्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. काही शेंगांवर पांढऱ्या धाग्यांचं जाळं होतं आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी गोल दाणे अडकलेले. ती खोडकुजीची बुरशी, स्क्लेरोशियम. झाडाच्या बुडाशी आधीच दिसलेली होती, तिथले वेल आम्ही वेगळे काढले होते. काही दाण्यांवर काळी काजळी, ती अस्परजिलस नायजर. या दोन्हींचा राग येतो, पण भीती वाटत नाही. भीती तिसरीची. एक दाणा वरून जवळजवळ चांगला होता. गुलाबी साल थोडी फिकी, टोकाशी किंचित सुरकुती. अंगठ्याने दाबला, दोन फाका वेगळ्या झाल्या, आणि त्यांच्या मधल्या पोकळीत पिवळट हिरवी भुकटी भरलेली होती. टरफलावर काही नाही, सालीवर काही नाही, सगळं आत. भिंगाखाली त्या भुकटीचे बारीक देठ आणि त्यांच्या डोक्यावर गोल गुच्छ दिसत होते. अस्परजिलस फ्लेव्हस. ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते.

या विषाची गोष्ट भुईमुगापासूनच सुरू झाली आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी अचानक मरू लागले, एक लाखाहून जास्त मेले. रोग कळेना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ असं नाव पडलं. शेवटी धागा सापडला तो त्यांच्या खाद्यात, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. विष पक्ष्यांच्या यकृतात जाऊन बसत होतं. पुढे माणसाच्या यकृताशी त्याचं नातं स्पष्ट झालं, आणि आज जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवलं आहे. ज्याला ‘ब’ प्रकारची कावीळ आहे त्याच्या बाबतीत तर हा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

हे दूर इंग्लंडातलं म्हणून सोडून देता येत नाही. १९७४ च्या सुगीनंतर राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागातल्या आदिवासी पाड्यांमध्ये माणसं काविळीने आजारी पडू लागली. पोटात पाणी भरायचं आणि माणूस जायचा. शंभराहून जास्त माणसं गेली. त्या घरांतली कुत्रीही तशीच मेली, कारण त्यांच्या वाट्यालाही तीच भाकरी होती. मका काढणीला आला तेव्हा अवकाळी पाऊस झाला होता, ओली कणसं घरात नीट न वाळवता ठेवली गेली होती, आणि खायला दुसरं काही नव्हतं. मला या हकिकतीतलं शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त छळतं. बुरशी लागलेलं धान्य त्यांना दिसत नव्हतं असं नाही. खायला दुसरं काही नव्हतं.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, बाहत्तरच्या दुष्काळातल्या. त्या वर्षी सोलापूर जिल्हा होरपळला होता. आत्या तेव्हा नवी नवरी, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. मिळालेली सुकडी पदराला बांधून घरी आणायच्या, लहान दिरांना द्यायच्या. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची चव त्या आजही सांगतात, आणि सांगताना तोंड कडू करतात. अशा बाईसमोर मी सूपभर शेंगा बाजूला काढल्या आणि म्हणाले, “आत्या, या टाकायच्या.” त्या काही बोलल्या नाहीत. सूप स्वतःकडे ओढलं, आणि टाकलेल्यांतल्या चांगल्या निवडायला बसल्या.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. वरची बुरशी पुसायची, दाणे खरपूस भाजायचे, तोंडाला कडवट लागले तर लसूण आणि तिखट थोडं जास्त घालायचं. भाजलं की सगळं मरतं. हे एकट्या आत्यांचं मत नाही, घराघरात हेच मानतात. आणि यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त धोक्याचं आहे. भाजल्याने बुरशी मरते. विष मरत नाही. ते थोडं कमी होतं, पण ते पुरतं मोडायला २३० अंश सेल्सिअसच्या वर ताप लागतो. आपल्या लोखंडी कढईत दाण्याच्या गाभ्यापर्यंत तेवढा ताप पोचवला तर दाण्याचा कोळसा होईल. उकडल्याने जात नाही, तळल्याने जात नाही, उन्हात ठेवल्याने पुरतं जात नाही. बुरशी वाळून नाहीशी झाली, दाणा पुसून चकचकीत केला, तरी ती जे सोडून गेली ते तिथेच राहतं.

शिवाय ते सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. शंभर दाणे निर्मळ असतात आणि एकाच दाण्यात इतकं असतं की सगळ्या किलोचा हिशेब बिघडतो. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत शेंगदाण्यासाठी किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतक्या बारीक मापाची गोष्ट आपण जिभेवर आणि नजरेवर सोडलेली असते. पण जीभही अगदीच निरुपयोगी नाही. खवट आणि कडू यांत फरक आहे. खवट म्हणजे तेल जुनं झालं. ताज्या हंगामाचा दाणा कडू लागला, तर तो थुंकायचा, चूळ भरायची. मूठभर दाणे खाताना एक कडू निघाला की आपण घाईने त्यावर चार चांगले खातो, तोंडाची चव सुधारावी म्हणून. पोरांना मी ते करू देत नाही. आधी थुंक, मग बाकीचे.

आणि चटणीत तर दाणा थुंकताच येत नाही. सोलापुरी चटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटायची असते. भाजलेले दाणे, लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट, सगळं एकजीव. त्यात एखादा कडू दाणा गेला तर लसणाच्या आणि तिखटाच्या जोरापुढे कुणालाही कळणार नाही. ज्या गुणांसाठी आपण ही चटणी जीव तोडून आवडीने खातो तेच गुण दोष झाकतात. म्हणून माझं ठाम मत आहे की चटणीला सगळ्यात चांगला दाणा लागतो, उरलेला नव्हे. लाडवाला, कुटाला, चटणीला फुटके आणि बारके दाणे काढून ठेवायची जी रीत आहे ती उलटी फिरवायला हवी. फुटका, सुरकुतलेला, रंग उडालेला, कीड लागलेला दाणा हाच बुरशीचा पहिला मुक्काम. अख्खे, टपोरे, घट्ट सालीचे दाणे कुटायला घ्यावेत. नवी पेठेत किंवा आणखी कुठे चटणी विकत घ्यायची वेळ आली, तर मी दुकानदाराला दाणे दाखवा म्हणते. काही जण दाखवतात, आणि त्यांच्याकडूनच मी घेते.

आत्यांनी सूप बाजूला ठेवलं ते निराळ्याच कारणाने. त्या म्हणाल्या, माणसाला नको तर नको, गवळ्याच्या म्हशीला घालू, पुण्य तरी लागेल. मला तिथे थांबावं लागलं, आणि त्यांच्याजवळ बसून सगळं सांगावं लागलं. म्हशीच्या पोटात गेलेल्या या विषाचा काही भाग रूप बदलून दुधात उतरतो. दुधासाठीही कायद्यात मर्यादा आहे, किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम, शेंगदाण्यापेक्षा तीसपट कडक, कारण दूध लेकरं पितात. त्याच गवळ्याचं दूध आमच्या घरी येतं, आणि त्यांच्या धाकट्या नातवाला तेच दूध मिळतं. हे ऐकून आत्यांचा हात थांबला. त्यांनी विचारलं, “घाण्याला दिल्या तर?” घाण्यालाही नाही. तेलात थोडं उतरतं, बाकीचं बरंचसं पेंडीत राहतं, आणि पेंड पुन्हा गोठ्यात जाते.

अन्न टाकू नये हे मला मान्य आहे. ज्या जिल्ह्याने इतके दुष्काळ पाहिले तिथे ते मान्य असायलाच हवं. पण या शेंगा टाकणं म्हणजे अन्न टाकणं नव्हे, असं मी आत्यांना सांगितलं, आणि तेच मी जो भेटेल त्याला सांगत असते. अन्नाची नासाडी झाली ती पावसात आणि ढिगात, सुपात नव्हे. सुपात आपण फक्त ती ओळखतो. नासाडी टाळायची असेल तर कष्ट आधी करायचे, शेंग जमिनीत असल्यापासून.

ते कष्ट कोणते, हे आता आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आऱ्या, म्हणजे फुलांनंतर जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ, सुटू लागल्या की जिप्सम द्यायचं, म्हणजे टरफल कणखर होतं. शेवटच्या महिन्यात पाण्याचा ताण पडू द्यायचा नाही. जमीन तापून कोरडी झाली की ही बुरशी मातीतूनच शेंगेत शिरते, पाऊस नंतर तिला फक्त वाढवतो. गेल्या ऑगस्टात टँकर मागवला तेव्हा शेजाऱ्यांना ते उधळपट्टी वाटलं, पण त्या पाण्याने पिकाच्या वजनापेक्षा दाण्याचा निर्मळपणा राखला असं मी समजते. खुरपणी उशिरा करायची नाही, खुरप्याचा घाव शेंगेला लागला की दार उघडतं. वाळवीने खरवडलेल्या शेंगाही तशाच, त्या उपटतानाच वेगळ्या टोपलीत.

तोडलेल्या शेंगा पातळ थरात पसरायच्या, बोटभर जाडीपेक्षा जास्त नाही, दिवसातून तीन-चारदा पाय फिरवायचे. संध्याकाळी गोळा करून झाकायच्या, कारण दव पडतं आणि अर्धी वाळलेली शेंग परत ओली होणं सगळ्यात वाईट. वाळली हे कसं ओळखायचं? मूठ कानाशी धरून हलवायची, दाणे खळखळ वाजले पाहिजेत. मग एक दाणा दाताखाली: चिवट दबला तर अजून ऊन हवं, कट्कन तुटला तर झालं. मावशी तर साल चोळून सांगतात. साल सुटून हातात आली तर त्या पोत्याची तयारी करायला लावतात.

पोतं तागाचं, प्लास्टिकचं नको. खाली लाकडी फळी, भिंतीपासून हातभर दूर. आणि शेंगा शेंगाच ठेवायच्या. लागतील तसे दाणे काढायचे. इथे एका गोष्टीबद्दल मला फार बोलावंसं वाटतं. हाताने शेंगा फोडताना टरफल मऊ व्हावं म्हणून त्यांवर पाणी शिंपडायची रीत आहे. काम भराभर होतं, बोटं सोलत नाहीत, आणि मजुरी किलोवर असते तेव्हा बाईने ते का करू नये? पण इतकी जपून वाळवलेली शेंग त्या शिंपडण्याने एका दुपारी पुन्हा बुरशीच्या हवाली होते. दोष त्या बाईचा नाही, किलोवर ठरलेल्या दराचा आहे. मावशींना मी शेंगा फोडायला दिवसाच्या मजुरीवर बोलावते. त्या कोरड्या फोडतात, गप्पा मारत, आणि फोडताफोडता निवडतातही. एकदा त्यांनी एक दाणा माझ्यासमोर धरला, “ह्यो बगा, आत हिरवा हुतोय,” म्हणाल्या, फोडून दाखवला, आणि खरंच होता. मला भिंग लागलं होतं. त्यांना त्या दाण्याचं वजन बोटाला कमी लागलं होतं.

निवडून काढलेल्या शेंगा आम्ही खतखड्ड्यात टाकल्या नाहीत. तिथून बुरशीचे बीजाणू परत त्याच दोन गुंठ्यांत गेले असते. चुलीत जाळल्या. तोंडाला रुमाल बांधून निवडल्या आणि तसाच रुमाल बांधून जाळल्या, कारण ती भुकटी श्वासातही जायला नको. खोडकुजीचे वेलही त्यांच्यासोबत गेले. आत्या दारात उभ्या होत्या. जळून झाल्यावर त्यांनी शेडमधल्या चांगल्या शेंगांचं पोतं उघडलं, मूठ कानाशी नेऊन हलवली, आणि मला म्हणाल्या, यातल्या बियाण्याच्या आत्ताच बाजूला काढ, नाहीतर पोरं खाऊन टाकतील.

त्या काढल्या आहेत. यंदा त्या दोन गुंठ्यांत खरिपाला भुईमूग नाही, ज्वारीच आहे. एकाच जागी दरवर्षी शेंग घेतली की खोडकूज मातीत मुरते. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा झाली की पलीकडच्या तुकड्यात उन्हाळी भुईमूग टाकायचा, किलो बियाण्याला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा, ही उपकारी बुरशी, चोळून. तो मेमध्ये निघेल. सोलापूरचं मेचं ऊन माणसाला नकोसं होतं, पण शेंगेला त्यासारखं दुसरं नाही. फक्त बियाण्याच्या शेंगा त्या उन्हात तापलेल्या गच्चीवर टाकायच्या नाहीत, सावलीत वाळवायच्या, नाहीतर उगवण जाते. पाण्याची सोय तेवढी बघायला हवी, टँकरवाल्याशी बोलणं चालू आहे.